माझ्या संगणकाची मांडणी
(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला भाषणाची सवय नाही. मंडळाची खजिनदार म्हणून वर्षातून एकदा जमाखर्च वाचून दाखवायचा, एवढाच माझा आणि या माइकचा संबंध. पण गेल्या महिन्यात चिटणीसबाईंनी विचारले, "तुम्ही आता हिशेब स्वतः संगणकावर करता, तर त्याबद्दल दोन शब्द सांगाल का?" मी हो म्हणून बसले, आणि घरी जाऊन घाबरले. संगणकाबद्दल मी काय सांगणार? त्याच्या पोटात काय चालते ते मला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे तो त्याचा चेहरा. तेव्हा मी आज बोलणार आहे ते चेहऱ्याबद्दलच. घरच्या संगणकाचा पडदा आपल्या डोळ्यांना आणि हाताला सोसेल असा कसा मांडून घ्यावा, आणि ते करताना मी कोणती चूक केली, ते सांगणार आहे. पुढे बसलेल्या मुलींना हे फार सोपे वाटेल. त्यांनी थोडा वेळ दम धरावा.

आमच्या घरी संगणक येऊन बरीच वर्षे झाली. तो आणला ह्यांनी आणि वापरलाही ह्यांनीच. पहिला संगणक आला तेव्हा त्याच्या पडद्यावर हिरवीगार टेकडी आणि वर निळे आभाळ असे चित्र होते. तुमच्यापैकी पुष्कळजणींना ते आठवत असेल, कारण २००१ साली निघालेल्या विंडोज एक्सपीबरोबर ते घरोघर गेले. मला वाटायचे, हे कुणीतरी रंगवलेले चित्र असावे. पण तो खरा फोटो आहे. चार्ल्स ओरियर नावाच्या छायाचित्रकाराने १९९६ साली कॅलिफोर्नियातील सोनोमा भागात, रस्त्याने जाताना थांबून, तो काढला. आपल्या सांगलीकरांना त्यातली एक गोष्ट मनाला लागेल. त्या टेकडीवर पूर्वी द्राक्षाच्या बागा होत्या. मुळांना लागणाऱ्या किडीमुळे त्या उपटून टाकाव्या लागल्या आणि मग तिथे ते गवत उगवले. तासगावकडच्या एखाद्या शेतकऱ्याला कुणी हे सांगितले असते, तर ते चित्र पाहून त्याला आनंद झाला नसता! ती आमच्या पडद्यावर वर्षानुवर्षे होती. परक्याची टेकडी आपल्या घरात आहे, ती बदलता येते, हे मात्र आमच्या कुणाच्या मनातही आले नाही.

पुढे दुसरा संगणक आला. ह्यांनी पडदा काळा केला आणि त्यावर चित्रखुणांची गर्दी केली. त्या मी एकदा मोजल्या, तर त्रेसष्ट निघाल्या. नावे सगळी इंग्रजीत, तीही मुंगीएवढ्या अक्षरांत. ह्यांना त्यातली प्रत्येक खूण ठाऊक होती. मी मात्र त्या खोलीत चहा ठेवण्यापुरतीच जात असे.

२०२२ साली हे गेले. संगणक टेबलावर तसाच राहिला. मी रोज त्याच्यावरची धूळ पुसत होते, पण तो सुरू करायला माझा हात धजत नव्हता. मंडळाचे हिशेब वहीत लिहायचे, चौकातल्या दुकानात जाऊन टाइप करून घ्यायचे, चुका निघाल्या की पुन्हा जायचे, पुन्हा पैसे द्यायचे, असे चालले होते. एकदा तर दुकानातल्या मुलाने जमेची रक्कम खर्चात घातली, आणि ती तशीच वार्षिक सभेपुढे गेली. तुम्ही सगळ्यांनी समजून घेतलेत, पण मला त्या रात्री झोप आली नाही. घरी यंत्र असताना आपण दुसऱ्याच्या दारात का उभ्या राहतो, असे मनात आले.

दिवाळीत माझी नात पुण्याहून आली. मी तिला म्हटले, "मला हिशेबापुरते शिकव ग." ती शेजारी बसली. दोन दिवस तिने सांगितले आणि दोन्ही दिवस मी विसरले. तिसऱ्या दिवशी तिने पडद्याकडे नीट पाहिले आणि म्हणाली, "आजी, तुला येत नाही असं नाही. अगं, हा संगणक अजून आजोबांचाच आहे."

भगिनींनो, ते वाक्य माझ्या मनात रुतले. दुसरीच्या स्वयंपाकघरात गेले की आपल्याला मीठ सापडत नाही. याचा अर्थ आपल्याला स्वयंपाक येत नाही असा आहे का? मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंच्या फळीवरचे डबे मला वर्षभर सापडत नव्हते. पुढे एक दिवस त्या आपण होऊन म्हणाल्या, "तुझ्या हाताला येतील तसे लाव." त्या दिवसापासून ते स्वयंपाकघर माझे झाले. संगणकाच्या बाबतीत मला असे म्हणणारे कुणी उरले नव्हते, ते नातीने म्हटले.

आता या पडद्याला डेस्कटॉप का म्हणतात, ते थोडक्यात सांगते. डेस्कटॉप म्हणजे लिहायच्या टेबलाचा माथा. ज्या झेरॉक्स कंपनीच्या नावाने आपण कागदाच्या प्रती काढून आणतो, तिने १९८१ साली 'स्टार' नावाचा एक संगणक विकायला काढला. त्याच्या पडद्यावर कचेरीच्या टेबलावर असावेत तसे कागद आणि फायली यांची चित्रे होती. कचेरीतल्या माणसाला यंत्र ओळखीचे वाटावे, हा हेतू. म्हणजे पाहा, ते टेबल मुळात कुणाचे होते? कचेरीतल्या साहेबाचे. आपल्या घरात आले तरी ते तसेच राहिले, यात नवल नाही.

पण त्या टेबलावर एका बाईचाही हात फिरलेला आहे. ॲपल कंपनीचा मॅकिंटॉश १९८४ साली बाजारात आला. त्यावरच्या पुष्कळ चित्रखुणा सुझन केअर या चित्रकार बाईंनी काढल्या. चौकटीच्या कागदावर आडवी ३२ आणि उभी ३२ घरे आखायची, आणि घरे काळी करत करत चित्र उभे करायचे. त्यांना याआधी संगणकावर चित्रे काढण्याचा अनुभव नव्हता, पण सुईने टाके मोजून करायचे भरतकाम त्यांच्या हातात होते. दोन्ही कामे एकाच जातीची आहेत, असे त्यांनीच सांगितले आहे. आपल्या भरतकामाच्या वर्गातल्या बायका जाळीच्या कापडावर मोर काढतात, तो असाच घरे मोजून काढतात ना? त्याच मॅकिंटॉशवर पडद्याची पार्श्वभूमी आपल्या आवडीची करण्याचीही सोय होती. आठ बाय आठ ठिपक्यांचा एक चौकोन दिलेला असे. त्यातले हवे ते ठिपके काळे करायचे, की तीच नक्षी सगळ्या पडद्यावर पसरे. ही आपली ठिपक्यांची रांगोळीच नाही का? हे मला कळले तेव्हा यंत्राबद्दलची माझी भीती निम्मी कमी झाली.

आता आम्ही काय केले ते क्रमाने सांगते. विंडोज असलेल्या संगणकावर, मग ते दहा असो वा अकरा, रीत जवळजवळ सारखीच आहे.

पहिल्यांदा अक्षरे. माझे दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले आहेत. 'सेटिंग्ज'मध्ये अक्षरांचा आकार वाढवण्याची पट्टी असते. ती सरकवली, आणि जे वाचायला मी चष्मा पुसत बसत असे ते बसल्या जागी दिसू लागले. माउसचा बाण मोठा केला आणि पिवळा केला. पूर्वी तो पडद्यावर हरवायचा आणि मी उंदीर हलवत त्याला शोधायची. रिकाम्या जागी माउसचे उजवे बटण दाबले की एक यादी येते. तिच्यात 'व्ह्यू'खाली चित्रखुणा मोठ्या करता येतात. त्या आपोआप रांगेत लागण्याची व्यवस्था असेल तर तीही तिथेच बंद करता येते. मग आपली वस्तू आपण ठेवू त्या कोपऱ्यात राहते.

दुसरे काम नावांचे. संगणकातल्या फोल्डरचे नाव मराठीत लिहिता येते, हे मला माहीतच नव्हते. मराठी कळफलक सुरू केला, आणि माझ्या फोल्डरांना नावे दिली: 'मंडळ-हिशेब', 'वीजबिल', 'औषधे', 'पाककृती'. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्यासारखे वाटले. सगळ्या यंत्राचीच भाषा मराठी करता येते. तेही करून पाहिले, पण त्यातले काही शब्द मला इंग्रजीपेक्षा अवघड वाटले, म्हणून परत पहिल्यावर आले. ज्याला त्याला सोसेल तसे.

तिसरे काम चित्राचे. यात मात्र गंमत झाली. त्याच उजव्या बटणाच्या यादीत 'पर्सनलाइज' असा शब्द असतो. तिथून मागचे चित्र बदलता येते. मला अर्थातच ह्यांचा फोटो लावायचा होता. फोटो होता फोनवर काढलेला उभा, आणि पडदा आडवा. एका पद्धतीने लावला तर डोक्याचा वरचा भाग आणि हनुवटी दोन्ही गेली. दुसऱ्या पद्धतीने लावला तर चित्र ताणले जाऊन ह्यांचे कधी न सुटलेले पोट सुटले. तिसऱ्या पद्धतीत फोटो नीट बसला, पण दोन बाजूंना पट्ट्या राहिल्या. त्या चालल्या असत्या. पण चित्रखुणा नेमक्या चेहऱ्यावर येत होत्या. हिशेब उघडायचा म्हणजे रोज ह्यांच्या कपाळावर टिचकी मारायची, हे काही मला बरे वाटेना.

तेव्हा त्यावरून मी एक शिकले. पडद्याचे चित्र सुंदर असून भागत नाही, त्यावरची अक्षरे वाचता आली पाहिजेत. भरगच्च रांगोळीवर तांदूळ सांडले तर ते दिसणार नाहीत, तसेच हे आहे. शेवटी मी नुसता गडद बाटली-हिरवा रंग घेतला. चित्र हवेच असेल तर ज्याची डावी बाजू मोकळी आहे असे घ्यावे, कारण खुणा बहुधा डावीकडे लागतात. संध्याकाळी पडद्याचा उजेड डोळ्यांना लागत असेल, तर तो पिवळसर करण्याचीही सोय आहे.

इथपर्यंत सगळे छान झाले. आता माझी चूक सांगते, कारण आज उभी राहिले आहे ती मुख्यतः तिच्यासाठीच.

नात पुण्याला गेली. माझ्या अंगात हुरूप आला होता. पडदा हिरवा झाला, पण ह्यांच्या त्रेसष्ट खुणांचा पसारा तसाच होता. दिवाळीची साफसफाई करणारी बाई मी. बसले, आणि ज्या ज्या मला नको वाटल्या त्या एकेक काढून टाकल्या. तासाभरात पडदा सारवलेल्या अंगणासारखा झाला. मी स्वतःवर खूष होते.

आठ दिवसांनी चिटणीसबाई घरी आल्या. म्हणाल्या, "यंदाच्या स्मरणिकेत मंडळाचा १९७४ सालच्या हळदीकुंकवाचा फोटो छापू या. तुमच्याकडे होता ना?"

तो फोटो कसा होता, ते जुन्या सभासदांना ठाऊक आहे. माझ्या सासूबाई त्यात डावीकडून तिसऱ्या. मंडळाच्या कपाटात त्याची एक प्रत होती, आणि आमच्या घरच्या अल्बममध्ये एक. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णामाईचे पाणी आपल्या गल्लीत आले, तेव्हा मंडळाचे कपाट बुडाले हे तुम्ही जाणताच. आमच्या घरी संगणक आम्ही वरच्या मजल्यावर वहिनींकडे नेऊन ठेवला, पण पलंगाखालच्या ट्रंकेतले अल्बम खालीच राहिले. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तर फोटो एकमेकांना चिकटून एकेक वीट झाली होती. सोडवायला जावे तर चेहरेच निघून येत होते.

पण त्याच्या दोन वर्षे आधी ह्यांनी ते सगळे फोटो एकेक करून संगणकात उतरवून ठेवले होते. तेव्हा मी किती बोलले होते! "दिवसभर त्या यंत्रापुढे काय बसता, भाजी तरी आणून द्या." ते नुसते हसत. पुरानंतर आम्हा दोघांना कळले, की आमचे सगळे जुने दिवस आता त्या एका फोल्डरात आहेत.

चिटणीसबाईंपुढे मी संगणक सुरू केला आणि फोल्डर शोधू लागले. पडद्यावर नव्हता. ह्यांनी त्याला 'न्यू फोल्डर ३' असे काहीतरी इंग्रजी नाव दिलेले होते, आणि मी तो न उघडताच इतर पसाऱ्याबरोबर काढून टाकला होता. माझे हातपाय गार पडले. पुराने ठेवले ते मी माझ्या हाताने टाकले, एवढेच मनात येत होते.

नातीला फोन लावला. ती शांतपणे म्हणाली, "आजी, आधी रडू नकोस. पडद्यावर कचऱ्याच्या डब्याची खूण आहे ना? तो डबा तू रिकामा केला आहेस का?" आता पाहा, मी रोज रात्री घरातला डबा रिकामा केल्याशिवाय न झोपणारी बाई. हाही डबा रिकामा करायला मी गेलेच होते. पण त्याने कायमचे पुसू का, असे काहीतरी इंग्रजीत विचारले, आणि मी घाबरून नको म्हटले होते. माझी भीती माझ्या उपयोगी पडली ती एवढ्या एकाच वेळी. डबा उघडला. आत फोल्डर होता. त्यावर उजवे बटण दाबून 'रिस्टोअर' म्हटले, आणि तो होता त्या जागी परत आला. दोनशे सदतीस फोटो! चिटणीसबाईंनी आणि मी ते सगळे त्या दुपारी पाहिले. चहा निवून गेला.

म्हणून साफसफाई करण्याआधी एवढे ध्यानात ठेवा. ज्या चित्रखुणेच्या खालच्या कोपऱ्यात छोटा वाकडा बाण असतो ती नुसती वाट दाखवणारी पाटी आहे. ती काढली तरी मूळ वस्तू जागेवर राहते. बाण नाही, तिथे मात्र ती वस्तूच तिथे ठेवलेली असते, म्हणून उघडून पाहिल्याशिवाय टाकू नका. टाकलेली वस्तू डब्यात सापडते, पण शिफ्टचे बटण दाबून पुसलेली डब्यात जात नाही. पेनड्राइव्हवरून पुसलेलीही बहुधा जात नाही. डबा काही दिवसांनी आपोआप रिकामा होईल अशीही व्यवस्था लावलेली असू शकते, तेव्हा आठ दिवसांचे आठ महिने होऊ देऊ नका.

आणि ज्याला दुसरी प्रत नाही ते पडद्यावर उघडे टाकू नका. मी आता त्या फोल्डराच्या दोन प्रती केल्या आहेत. एक माझ्या कपाटात, आणि दुसरी पुण्याला मुलाकडे, कारण आपण नदीकाठची माणसे. दोन्ही प्रती एकाच पुरात जाता कामा नयेत.

आणखी दोन सूचना करते. पडद्यावर लावायची सुंदर चित्रे फुकट मिळतात म्हणून भलत्या ठिकाणाहून काही उतरवून घेऊ नका. विशेषतः हलती चित्रे दाखवणारे स्क्रीनसेव्हर घेऊ नका. ते नुसते चित्र नसते, तो आपल्या संगणकात चालणारा कार्यक्रम असतो, आणि त्यातून चोर आत येऊ शकतो. जुन्या जाड पडद्यांवर एकच चित्र फार वेळ राहिले तर त्याचा डाग उमटे, म्हणून ते स्क्रीनसेव्हर निघाले. आजच्या घरच्या सपाट पडद्यांना सहसा त्यांची गरज नसते. आपल्या घरातलाच फोटो लावावा. दुसरे म्हणजे, बँकेचा परवलीचा शब्द लिहिलेला कागद पडद्यावर ठेवू नये. पडदा हा घराचा ओटा आहे, तिजोरी नव्हे.

आता माझा संगणक कसा दिसतो, ते सांगून संपवते. तो सुरू केला की आत शिरण्याआधी एक दाराचा पडदा येतो. त्यावर खुणा नसतात, म्हणून तिथे मी १९७४ सालचा तो फोटो लावला आहे. कुणाच्या कपाळावर टिचकी मारावी लागत नाही. चौदा जणी आहेत त्यात. त्यांतल्या तीन जणी आज या सभेत बसल्या आहेत. त्या सगळ्यांकडे एकदा पाहायचे आणि मग आत जायचे. आत हिरवे अंगण, डावीकडे माझे चार डबे, आणि उजवीकडे वरच्या कोपऱ्यात एकच जुना फोल्डर. त्याला मी मराठीत नवे नाव दिले आहे, 'ह्यांनी जपलेले'.

यंदाचा जमाखर्च मी स्वतः टाइप केला आहे. बेरीज तीनदा तपासली आहे. चूक निघालीच तर ती माझी असेल, दुकानातल्या मुलाची नाही, आणि ती दुरुस्त करायला मला चौकात जावे लागणार नाही.

तुमच्या घरातही एखादा संगणक किंवा फोन असा असेल, जो मुलाने त्याच्या डोळ्यांना बेतून लावून दिला आहे, आणि तुम्हाला तो जमत नाही असे तुम्ही धरून चालला आहात. घरी गेल्यावर एवढेच करून पाहा. अक्षरे मोठी करा, एका डब्याला आपल्या भाषेत नाव द्या. मग ते जमते की नाही, ते ठरवा. कुणाला अडचण आली तर मी दुपारी तीननंतर घरी असते.